ट्रंकेतलं जाझ: ओरिजिनल घ्यावं की रिइश्यू?

तुझा प्रश्न असा, की म्हापशाला शेजारच्या आंटीने घर आवरताना चाळीसेक तबकड्या भरलेली पत्र्याची ट्रंक तुला देऊन टाकली, अमेरिकेतल्या मामाने त्याचं जुनं टर्नटेबल पाठवलं, आणि आता तुला जाझ जमवायचं वेड लागलंय, पण ब्लू नोट ह्या नावाजलेल्या अमेरिकन जाझ लेबलच्या ओरिजिनल रेकॉर्डींचे भाव बघून डोळे पांढरे झालेत, तेव्हा रिइश्यू, म्हणजे त्याच रेकॉर्डीच्या नव्याने काढलेल्या छपाया, घेतले तर चालतात का, की ते नकली कलेक्शन होतं. शिवाय मामाच्या टर्नटेबलवर सगळं रडक्या आवाजात का वाजतं. काका म्हणालास म्हणून मीपण अरेतुरेच करतो.

आधी टर्नटेबलचं उरकू, कारण ते सोपं आहे. अमेरिकेत वीज ६० सायकलची, म्हणजे सेकंदाला ६० हेलकाव्यांची, आपली ५० ची. जुन्या बेल्टवाल्या टर्नटेबलांची मोटर त्या सायकलच्या तालावर फिरते, व्होल्टेजच्या नाही. तू जो ट्रान्सफॉर्मर लावलायस तो २३० चे १२० व्होल्ट करतो पण सायकल काही बदलत नाही, त्यामुळे मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी प्लेट २८ च्या आतच फिरते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी चारचा गवय्या पांढरी चारला येऊन बसतो, साधारण तीन पट्ट्या खाली, मग रडका नाही वाजणार तर काय. त्या मॉडेलची ५० सायकलची पुली मिळते का बघ, बऱ्याच मॉडेलांची मिळते. नाही मिळाली तर ते मशीन शोकेसमध्ये ठेव आणि छोट्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारं डीसी मोटरचं किंवा डायरेक्ट ड्राइव्हचं घे, त्यांना सायकलशी देणंघेणं नसतं. बेल्ट ताणून, पुलीवर टेप गुंडाळून स्पीड वाढवायचे उद्योग करू नकोस, मी केलेत, दोन दिवस बरं वाटतं.

आता खरा प्रश्न. माझं मत गेल्या तीस वर्षांत हळूहळू बनलंय आणि कलेक्टर मंडळींना ते आवडत नाही. अमेरिकन जाझ रिइश्यूवर घे, बिनधास्त घे. आणि ओरिजिनलसाठी जो पैसा, जी धावपळ, जी पायपीट करायचीय ती इथल्या तबकड्यांसाठी कर, म्हणजे मुंबई-कलकत्त्यात छापलेल्या, गोंयकारांनी वाजवलेल्या, पोर्तुगालहून नाहीतर आफ्रिकेहून ट्रंकेत बसून आलेल्या. अमेरिकन अल्बमांच्या मास्टर टेप्स बऱ्याच अंशी शाबूत आहेत, त्या टेपवरून आज नवी रेकॉर्ड कापता येते आणि ती चांगली निघते. आपल्या गोंयकार ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटच्या ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची, टेप शोधायला कोण बसलंय? जी काय ती तबकडीच, आणि ती गोव्यातल्या बार्देशात नाहीतर साष्टीत कुणाच्या तरी माळ्यावर वाळवीची वाट बघत पडलीय.

अमेरिकन बाजू आधी. ब्लू नोटच्या ओरिजिनलमागे लोक वेडे होतात त्याला कारण आहे, ते नाकारत नाही. रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस रेकॉर्डिंगही करायचा आणि मास्टरही, म्हणजे छपाईसाठीची मूळ तबकडी, स्वतःच कापायचा, आधी न्यूजर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत. लेबलच्या बाहेर जी कोरी गुळगुळीत पट्टी असते तिला डेडवॅक्स म्हणतात, तिथे त्याची आरव्हीजी अशी अक्षरं असतात, आणि १९६६ पर्यंतच्या छपाईत शेजारी कानासारखी दिसणारी एक छोटी खूण, ती प्लास्टीलाइट कारखान्याची. मग लेबलवर पत्ता लेक्सिंग्टनचा की ४७ वेस्ट ६३ चा, लेबलवर गोल खोल खाच आहे की नाही, ह्या सगळ्यावर भाव लाखांत जातात. हे शिकून घे, मजा येते, पण विकत घ्यायची घाई करू नकोस. मी एकदाच घेतली, परदेशी विक्रेत्याकडून, व्हीजी प्लस, म्हणजे 'व्हेरी गुड'च्याही वरची, म्हणून. पार्सल सोडवताना कस्टमला वेगळे पैसे मोजले, घरी आणून लावली तर कढईत सांडगे तळल्यासारखा आवाज. वरून चकचकीत, पण जुन्या काळच्या जड सुईने खाचा खाऊन टाकलेल्या, ते डोळ्याला दिसत नाही, सॅक्सोफोन जोरात आला की मगच कळतं, फाटतो. परत पाठवायचा खर्च रेकॉर्डीच्या निम्मा. तेव्हापासून मी डोळ्याने ग्रेड केलेल्या रेकॉर्डीला हातच लावत नाही, विक्रेत्याने वाजवून बघितली असेल तरच बोलणं.

रिइश्यूमध्येही सगळा माल सारखा नसतो. ब्लू नोटचीच टोन पोएट नावाची मालिका २०१९ पासून चालू आहे, मूळ टेपवरून केव्हिन ग्रे कापतो, डेडवॅक्सवर त्याची केपीजी अशी सही असते, आणि छपाई कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्याची. कव्हर जाडजूड, उघडलं की आत सेशनमधले मोठे फोटो. त्यांचीच क्लासिक मालिका जरा स्वस्त, जर्मनीत छापलेली, कापणारा बऱ्याचदा तोच, आणि माझ्या कानाला फरक इतका थोडा आहे की पहिल्या दहा रेकॉर्डी मी तुला त्यातल्याच घ्यायला सांगेन. प्रेस्टिज, रिव्हरसाइड ह्या दुसऱ्या जाझ लेबलांसाठी ऐंशीच्या दशकातले ओजेसी (ओरिजिनल जाझ क्लासिक्स) मालिकेचे जुने रिइश्यू सेकंडहँड मिळाले तर सोडू नकोस, कव्हर साधं, आवाज उत्तम. जपानी छापाच्या तबकड्याही, कव्हरला कागदाची उभी पट्टी असते त्या, छपाईत इतक्या शांत की पहिल्यांदा सुई ठेवल्यावर अँप बंद आहे की काय असं वाटलं मला.

आणि हे टाळायचं: युरोपात १९६२ पर्यंत निघालेल्या रेकॉर्डिंगांवरचा हक्क ५० वर्षांनी संपला, २०१३ मध्ये मुदत ७० केली पण जे सुटलं होतं ते सुटलंच. म्हणून जाझच्या ऐन बहरातलं सगळं तिथे कुणीही छापू शकतो. छापतातही, बऱ्याचदा सीडीवरून, वर १८० ग्रॅमचं सोनेरी स्टिकर. वजनाने आवाज सुधारत नाही रे, ती काय म्हावऱ्याची वाटणी आहे? कव्हरवर मास्टर कुणी कापला, कुठल्या टेपवरून, ह्याबद्दल अवाक्षर नसेल तर समजून जा. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत स्वस्त जाझ म्हणून जे दिसतं त्यातलं पुष्कळसं हेच. ऐकायला वाईट असतंच असं नाही, पण मग मोबाइलवर ऐकलेलं काय वाईट.

ओरिजिनल म्हणजे परमसत्य असं मानणाऱ्यांना मी माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लूचं सांगतो. १९५९ च्या मार्चमध्ये पहिल्या सेशनला न्यूयॉर्कच्या ३० व्या स्ट्रीटच्या स्टुडिओतलं मुख्य टेपमशीन किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं बरोबर वेगाच्या मशीनवर लावलं की चढं वाजणार. त्यामुळे पहिली बाजू, तिन्ही तुकडे, जरासे चढ्या सुरात छापले गेले आणि जगाने तीसेक वर्षं तसेच ऐकले. १९९२ च्या रिइश्यूत दुसऱ्या, बरोबर चालणाऱ्या मशीनची टेप वापरून ते पहिल्यांदा दुरुस्त झालं. माझ्याकडे जुनी एक छापील प्रत होती, मी भजनात पेटी वाजवतो, एका पावसाळी दुपारी लाइट यायची वाट बघत न बसता रेकॉर्डीबरोबर पेटी धरायला गेलो (इन्व्हर्टर होता), तर कुठलीच पट्टी जुळेना, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. पेटीवाल्याला बोलावून पेटी लावूनही घेतली. वर्षभराने खरं कारण कळलं, तेव्हा पेटीवाल्याला दिलेले पैसे फार आठवले. म्हणजे ह्या रेकॉर्डीची ओरिजिनल जी आहे, तिची पहिली बाजू मुळातच सुराला चुकलेली. कुणाला हवी तर घ्या बापडे.

आता आपली बाजू, ह्याच्यावर मी रात्रभर बोलेन. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ ला लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड आला, पुढच्या वर्षी क्रिकेट स्मिथ, मग टेडी वेदरफर्ड पियानोला. त्यांच्या आजूबाजूला उभे राहून शिकले ते बहुतेक आपले गोंयकार, कारण चर्चच्या शाळेत मेस्ताने छडी हातात घेऊन नोटेशन वाचायला शिकवलेलं, व्हायोलिन आलेलं, कागद पुढे ठेवला की वाजवायला तयार. हळदोण्याचा अंतोनियो शावियेर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला, ट्रम्पेट आणि आवाज दोन्ही लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचे. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, ह्यांतले काही रात्री हॉटेलात स्विंग, म्हणजे नाचायचं जाझ, वाजवायचे आणि सकाळी फिल्म स्टुडिओत अ‍ॅरेंजिंग. आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि भगवानदादांचा १९५१ चा अलबेला आठव, त्यातला ट्रम्पेट ऐकून तुझ्या आजोबांनी नक्की ठेका धरला असेल, तो चिकचा, पडद्यावरही त्याचा बँड दिसतो. म्हणजे मराठी माणसाच्या कानात स्विंग सत्तर वर्षांपूर्वीच येऊन बसलंय, फक्त त्याला जाझ म्हणतात हे कुणी सांगितलं नाही.

चिकच्या बँडच्या कोलंबिया लेबलच्या ७८ आहेत, वेदरफर्डच्या कलकत्त्यात केलेल्या आहेत, त्याही कोलंबियाच्याच. ट्रंकेत काळ्या, जड, बोटाने टिचकी मारली की कपबशीसारखा आवाज देणाऱ्या तबकड्या असतील तर त्या ह्या जातीच्या, लाखेच्या. लाख आपल्याकडचीच, त्यात दगडाची पूड आणि काजळी, कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात छापलेल्या. आपल्याकडे ७८ साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत राहिल्या, बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर आली, जगात दुसरीकडे एलपी स्थिरावून दशक उलटून गेल्यावर. मग एलपीत बघायचं तर शंकर-जयकिशन आणि सितारिये रईस खान यांची १९६८ ची रागा जाझ स्टाइल, एचएमव्हीची. फिल्मी म्हणून तेव्हा कुणी विचारलं नाही, आता जुनी प्रत हातात धरायची तर खिसा रिकामा. हिचा रिइश्यू निघालाय, तो घे, माझ्या नियमाला हा अपवाद. बँडवाला ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या कोकणी ४५, म्हणजे ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी, त्यासुद्धा जाझच समज, ब्रास सेक्शन ऐक म्हणजे पटेल. त्या दिसल्या की भाव करू नकोस, पैसे टाक आणि चालू पड.

जाता जाता, केसरबाई केरकर आपल्या केरीच्या, आणि लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लीन्सचा, ही दोघं एकाच रेकॉर्डीवर आहेत. १९७७ ला व्हॉयेजर यानांतून पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. ही मात्र ओरिजिनलच, आणि कुठल्याच फ्ली मार्केटात यायची नाही.

७८ ला एलपीची सुई लावायची नाही. एलपीची सुई तिच्या रुंद खाचेत तळाला जाऊन बसते आणि तळातला सगळा कचरा वाजवते. ७८ ची सुई साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची एका मिलच्या आतबाहेर. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी वेगळी एसपी नावाची सुई येते, पाच ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, एलपीसाठी दोन ग्रॅम. हेडशेल, म्हणजे सुई बसवलेला आर्मच्या टोकाचा तुकडा, बदलता येणारं टर्नटेबल असेल तर दोन्ही तयार ठेवायच्या. आणि अँपला मोनोचं बटण असेल तर जुन्या मोनो रेकॉर्डींना दाबायचं, निम्मी खरखर तिथेच जाते, फुकट.

दुसरं, चावीच्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर एलपी लावायची नाही. मी लग्नाच्या रिसेप्शनला सजावट म्हणून लावलेली बघितलीय, पोटात गोळा आला. त्या लोखंडी सुईखाली व्हिनाइलची खाच एका फेरीत नांगरली जाते. आणि किनाऱ्यावरच्या टूरिस्ट दुकानांत पितळी भोंगा, चौकोनी पेटी, कुत्र्याचं चित्र असे जे ग्रामोफोन मिळतात ते पुष्कळदा अलीकडे जोडलेले असतात, मोटर जुन्या पोर्टेबलची, बाकी सगळं नवं. शोभेला घ्यायचा तर घे, जुना म्हणून पैसे देऊ नकोस.

आता पाऊस. आपल्याकडे जमवणं सोपं, टिकवणं कठीण. जुलैत भिंतीला हात लावला तर ओला लागतो, कार्डबोर्डची कव्हरं पापडासारखी मऊ पडतात, आणि रेकॉर्डीवर बुरशी धरते. ती ओळखायची कशी सांगतो. रेकॉर्ड टॉर्चच्या आडव्या उजेडात धर, पांढुरके बारीक ठिपके आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघालेले दिसले तर बुरशी, नुसती धूळ असेल तर फुंकरीने हलते. मी डायनिंग टेबलावर जुना टॉवेल पसरतो, लेबलवर प्लास्टिकचं गोल झाकण दाबून धरतो म्हणजे लेबल भिजत नाही, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचे दोनच थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या वळणानेच गोल गोल, आडवं कधीच नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, आणि पंख्याखाली उभी. बायको म्हणते भटजी सोवळ्यात अभिषेक करतो तसं चाललंय. पहिल्या वेळी ठिपके जातात पण वाजवताना चुरचुर राहते, कारण बुरशीची मुळं खाचेत असतात, आठवड्याने परत धुवायची. बुरशीचं जुनं आतलं पाकीट फेकून द्यायचं, ते ठेवलंस तर सगळी मेहनत वाया, नवं पॉलिथिनचं घालायचं. पीव्हीसीचं, जाड, वास येणारं प्लास्टिक नको, ते रेकॉर्डीला डागतं.

एलपीला थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात घालून चालतं. ७८ ला एक थेंबही नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्या सुताराला विचार, तो तेच करतो. हे मला सुताराने नंतर सांगितलं. आधी मी एका कोलंबियाच्या ७८ ला कापसाने छान चोळली होती, कापूस काळा झाला तेव्हा वाटलं काय घाण निघतेय. घाण नव्हती, ट्रम्पेट होता.

कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवायचं नाही, वीतभर अंतर, जमिनीपासूनही वर. रेकॉर्डी उभ्या, आडव्या एकावर एक रचल्या की वाकतात, आणि ७८ तर तळाची तडकते. जून ते सप्टेंबर मी त्या खोलीत डीह्युमिडिफायर चालवतो, रोज बादलीत पाणी बघितलं की कळतं हे सगळं कव्हरांत गेलं असतं. तो परवडत नसेल तर कपाटाची दारं उघडी, पंखा चालू, सिलिका जेलच्या पिशव्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. घट्ट प्लास्टिकच्या डब्यात बंद करून निर्धास्त झोपणारे लोक चवथीला डबा उघडतात आणि रडतात.

मिळतात कुठे? हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात क्वचित, आणि भाव गोऱ्यांना बघून लावलेला. मुंबईच्या चोर बाजारात जास्त माल, पण दुकानदार तुझ्यापेक्षा हुशार. खऱ्या तबकड्या घरांत आहेत. पोर्तुगीज अमलात, १९६१ पर्यंत, परदेशी माल इथे थेट यायचा, पोर्तुगालच्या व्हालेंतिम द कार्व्हाल्यूने काढलेल्या छोट्या ईपी सापडतात, तारवटींनी, म्हणजे जहाजांवरच्या खलाशांनी, बंदरोबंदरी घेतलेल्या सापडतात, नैरोबीच्या, लोरेन्सु मार्किशच्या (आताचं मापुतो, मोझांबिक) दुकानाचं स्टिकर मागे असलेल्या सापडतात. साष्टीतल्या एका घरात मला फादोच्या, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांच्या, ढिगाखाली जाझवाला ड्यूक एलिंग्टन मिळाला होता, कव्हर कसरीने नक्षी काढल्यासारखं खाल्लेलं, आत रेकॉर्ड जवळजवळ नवी, घरात जाझ आवडणारा एकटाच असणार आणि त्याला वाजवू देत नसणार. अशा घरी जाताना विकत घ्यायला आलोय अशा थाटात जायचं नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसायचं, चहा घ्यायचा, पहिल्या खेपेला ट्रंकेचा विषयच काढायचा नाही.

तुझ्या ट्रंकेचं असं कर. सुई बदलेपर्यंत एकही वाजवू नकोस. लाखेच्या वेगळ्या काढ, उभ्या ठेव, तडा आहे का बघ, प्रत्येकीचं लेबल आणि डेडवॅक्सवरचा नंबर वहीत उतर आणि फोटो मला पाठव, कोलंबियाच्या लेबलवर चिकचं नाव दिसलं तर फोटोची वाट न बघता फोन कर. आणि आंटीला विचार घरात वाजवायचं कोण, कुठून आणल्या. माझ्याकडच्या एकीच्या पाकिटावर पेन्सिलने एक मुलीचं नाव आणि खाली मोंबासा, १९५४ एवढंच आहे, मी विचारायला गेलो तोवर त्या घराला कुलूप लागलं होतं. ट्रंक मात्र आजच रिकामी कर, पत्र्याला आतून घाम सुटतो.